नेट बंद, मोटार चालू

विषय काढला आप्पांनी. सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव. 2022 पासून तिथे संध्याकाळी 7 ला भोंगा वाजतो, की दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. "रावेरात असा भोंगा पाहिजे."

"तिकडे ऊस, इकडे केळी," नानांनी तोडलं. "बऱ्हाणपूरचा भाव व्हॉट्सॲपवर येतो. अन् रात्रपाळीची लाइट आली तर मोटार कोण लावेल, तुमचा भोंगा?"

मोबाइल दुरुस्तीवाला भाऊ हसला. "नाना, मोटारीला नेट लागतंय कुठे? स्टार्टरमध्ये सिम असतं. कॉल नाहीतर एसएमएसवर चालतं. ॲपवाला नवा स्टार्टर असेल तरच डेटा लागेल. जुन्यात टू-जीचा मोडेम असतो अन् जिओकडे टू-जी नाही, म्हणून त्यात जिओचं सिम चालत नाही."

"आणि बँकेचा ओटीपी?"

"तोही एसएमएसनेच. नुसता मोबाइल डेटा बंद केला तरी कॉल येतात, व्होल्टीवरही, म्हणजे फोर-जीवरून येणारे कॉलसुद्धा. लोक काय करतात, डेटाऐवजी विमानाचं बटण दाबतात. मग ना कॉल, ना ओटीपी, ना स्टार्टरचा निरोप. सकाळी केळी कोरडी, अन् शिव्या कंपनीला."

"केळीच्या भावाचं काय पण?"

"निरोप कुठे जातो भो? फोन नेटवर नसेल तर व्हॉट्सॲप तो 30 दिवस सर्व्हरवर ठेवतं. सातचा भाव साडेआठला पाहिला म्हणून घड खराब होत नाहीत." नाना यावर गप्प. पैसे देण्याचं मात्र खरंच अडतं. क्यूआर स्कॅन करणाऱ्याला डेटा लागतोच. पैसे आल्याचं बोलून सांगणाऱ्या दुकानदाराच्या स्पीकरमध्ये वेगळं सिम असतं, ते आपल्या कामाचं नाही. बँकेत नोंदलेल्या नंबरवरून नेटशिवाय *99# लावून एका वेळी 5000 पर्यंत पाठवता येतात, पण काही सिमवर हा कोड लागतच नाही. त्यापेक्षा खिशात शंभरची नोट बरी.

आप्पांना हे सगळं पळवाटेसारखं वाटत होतं. "डेटा बंद करणारा बोटानेच चालू करतो. भोंग्याने अख्खी गल्ली बंद होते, तेव्हाच पोरगं पुस्तक उघडतं."

"तुमच्या भोंग्याने पेशंटचा नातेवाईकही बंद होईल," भाऊ म्हणाला. "फोन गप्प ठेवणाऱ्या 'डू नॉट डिस्टर्ब'ला वेळापत्रक लावा, 7 ते साडेआठ. तारांकित नंबरांचेच कॉल येऊ द्या. त्यात घरचे, डॉक्टर आणि स्टार्टरच्या सिमचा नंबर टाका. हा शेवटचा सगळे विसरतात. 'पुन्हा कॉल करणारे' हा पर्याय चालू ठेवा: अँड्रॉइडवर 15 मिनिटांत त्याच नंबरवरून दुसऱ्यांदा कॉल आला तर वाजतो. आणि अलार्मला परवानगी आहे का तेवढं बघा. रात्रभर लावलं अन् ती काढलेली असली तर पहाटेची गाडी गेलीच समजा. मग फोन ओसरीत चार्जिंगला. उशाशी नको."

नानांनी लगेच फोन पुढे केला. भाऊने सेटिंग लावून आपल्या फोनवरून कॉल केला. नुसता स्क्रीन उजळला. परत लावला, तर नानांची रिंगटोन चौकभर.

"हाच भोंगा समजा," नाना म्हणाले. आप्पांना ते पटलं नाही. नगरपालिकेत विषय मांडणारच, म्हणत त्यांनी चहा संपवला.