एएफडीला टीव्हीवर बोलवा, पण प्रश्न तुमचे असू द्या

जर्मनीत घरटी महिन्याला 18.36 युरो प्रसारण वर्गणी भरावी लागते, घरात टीव्ही असो वा नसो. त्यावर एआरडी आणि झेडडीएफ या सार्वजनिक वाहिन्या चालतात. ही वर्गणी बंद करा, असं एएफडी हा अतिउजवा पक्ष सतत म्हणत असतो. तरीही उन्हाळी मुलाखतींच्या मालिकेत बाकीच्या पक्षांबरोबर त्याचेही नेते येतात, आणि आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर दर वेळी तोच संताप उसळतो: आमच्याच पैशांनी आम्हाला हाकलायची भाषा का ऐकवता?

हा संताप माझाही आहे. जानेवारी 2025 मध्ये रीझा शहरातल्या पक्षाच्या अधिवेशनात एएफडीच्या नेत्या आलिस वायडेल यांनी 'रेमिग्रेशन', म्हणजे स्थलांतरितांना परत धाडणं, हा शब्द भर व्यासपीठावरून घेतला आणि सभागृहाने तो उचलून धरला. इथे मुलं वाढवणाऱ्या माझ्यासारखीला त्या टाळ्या ऐकून झोप लागत नाही. तरीही माझं ठाम मत आहे, त्यांना बोलवायलाच हवं.

फेब्रुवारी 2025 च्या निवडणुकीत एएफडीला 20.8 टक्के मतं पडली. पाचातला एक मतदार. तोही वर्गणी भरतो. आणि ही व्यवस्था उभी कशी राहिली ते विसरून कसं चालेल? 1933 नंतर गोबेल्सने रेडिओ एका पक्षाच्या दावणीला बांधला होता. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी बीबीसीचे पत्रकार ह्यू ग्रीन यांना हॅम्बुर्गला धाडलं आणि बीबीसीच्या धर्तीवर, सरकारच्या हाताबाहेर राहील असं प्रसारण उभं करायला घेतलं. कोणी बोलायचं हे सत्तेवर बसलेल्याने ठरवायचं नाही, हा त्याचा कणा. आज एका पक्षाला बाहेर ठेवायचा पायंडा पाडला, तर तो उद्या कुणाच्या हाती जाईल? थुरिंगिया राज्याच्या 2024 च्या निवडणुकीत एएफडी 32.8 टक्के मतं घेऊन पहिला आलाय.

विरोधात बोलणाऱ्यांचा मुद्दा कच्चा नाही. फेब्रुवारी 1984 मध्ये फ्रान्सच्या सरकारी वाहिनीने अतिउजवे नेते ज्याँ-मारी ल पेन यांना मुख्य राजकीय कार्यक्रमात बसवलं, आणि जूनमधल्या युरोपीय निवडणुकीत त्यांचा पक्ष सुमारे 11 टक्क्यांवर गेला. बेल्जियमची फ्रेंच भाषक सार्वजनिक वाहिनी अतिउजव्यांना थेट प्रक्षेपणात माइक देतच नाही, आणि वालोनिया या तिथल्या फ्रेंच भाषक प्रांताच्या संसदेत त्यांचा एकही माणूस नाही. पण बेल्जियममध्ये हे कुंपण पक्ष लहान असताना घातलं गेलं आणि इतर पक्षांनीही ते पाळलं. जर्मनीत ती वेळ केव्हाच टळली. पाचातल्या एकाला कुंपणाबाहेर ठेवलं की तो यूट्यूबवर जातो, आणि तिथे उलटतपासणी करणारं कुणी नसतं.

खरा प्रश्न आहे कसं बोलवायचं. जुलै 2025 मध्ये एआरडीने बर्लिनमध्ये श्प्रे नदीकाठी उघड्या गच्चीवर वायडेल यांची मुलाखत घेतली. पलीकडे आंदोलकांनी भोंगे लावलेली बस आणली आणि पक्षाला शिव्या देणारं गाणं लावलं. मुलाखत धड ऐकूच येईना, तरी वाहिनीने ती आत हलवली नाही. आंदोलकांचा राग मी समजू शकते, पण त्या दिवशी वायडेल यांना उत्तरं द्यावीच लागली नाहीत, वर सहानुभूतीही मिळाली. 2019 मध्ये झेडडीएफने थुरिंगियातले एएफडी नेते ब्यॉर्न ह्योके यांना त्यांच्याच सहकाऱ्यांसमोर केलेला प्रयोग दाखवला: हे वाक्य ह्योकेंचं की हिटलरचं? पुढे मुलाखत मोडली आणि चर्चा राहिली ती मोडण्याचीच.

माझ्या मते खरं काम ऑगस्ट 2018 मध्ये झालं. झेडडीएफचे पत्रकार थॉमस वाल्डे यांनी एएफडीचे तेव्हाचे नेते अलेक्झांडर गाउलांड यांना निर्वासितांवर प्रश्नच विचारला नाही. हवामान, पेन्शन, डिजिटलायझेशन, घरभाडी, एवढंच. पेन्शनवर पक्षाचं धोरण अजून ठरलेलंच नव्हतं, डिजिटलवर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. आरडाओरडा नाही, अपमान नाही, आणि कुणाला हुतात्मा होता आलं नाही. त्यांच्या समर्थकांचीही पेन्शन आहे, त्यांनाही भाडं परवडत नाही. त्यांना हे ऐकायचा हक्क आहे.

म्हणून वाहिन्यांकडे माझी मागणी साधी आहे. मुलाखत बंद स्टुडिओत घ्या, शक्यतो रेकॉर्ड करा, आकडे तपासायला माणसं बसवा. आणि स्थलांतरावर विचारायचंच असेल तर नेमकं विचारा. वायडेल बाडेन-व्युर्टेंबर्गमधून निवडून येतात. याच राज्याने फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला: परिचारिका, ड्रायव्हर, इलेक्ट्रिशियन. विचारा त्यांना, त्या परिचारिका आल्या तर तुमच्या मतदारसंघातल्या रुग्णालयांत त्यांना राहू देणार का, किती वर्षं, आणि त्यांच्या मुलांना? उत्तर मिळेपर्यंत पुढच्या प्रश्नाकडे वळू नका.