पासिंग रिकाम्या गाडीचं, घाट मात्र भरलेल्या गाडीला

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लांब होणार आहे.

आज ओतूरच्या अलीकडे एक जुनी पिकअप उभी होती. हौद्यात पंधरा-वीस बाया, खुरपी, डबे, दोन लहान पोरं. कांदा लागवडीला निघालेली टोळी. एवढी माणसं बसूनही गाडीची मागची बाजू तसूभर दबलेली नव्हती. ज्यांना गाड्यांमधलं कळतं त्यांच्या लक्षात आलंच असेल. जादा पाटे, म्हणजे मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या वाढवलेल्या. मी ड्रायव्हरला विचारलं, "दादा, पाटे वाढवलेत ना? मागचे ब्रेक कधी बघितले?" तो म्हणाला, "ताई, पासिंग आहे गाडीला. मागच्याच महिन्यात झालंय." आणि गेला निघून. पासिंग म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला ठीक आहे, असा आरटीओचा तपासणीचा कागद.

नेमकं हेच माझ्या मामाला ऐकवलं होतं, त्याला गाडी विकणाऱ्यानं. 2010 ची पिकअप, सेकंडहँड. "नवीन पासिंग करून देतो, मग तर झालं?" मामाने कागद बघितला, शिक्का बघितला, सोसायटीचं कर्ज काढून पैसे मोजले. सरकारने तपासलेली गाडी म्हटल्यावर साध्या माणसाने आणखी काय बघायचं?

टोमॅटोच्या हंगामात एका रात्री तो कल्याण मार्केटला निघाला होता. गाडी कॅरेटने भरलेली, शेजारी माझा मामेभाऊ. माळशेज उतरताना निम्म्या घाटात ब्रेकचं पॅडल एकदम खाली गेलं. पाय मारला तर नुसता पोकळ. मामाने गिअर पाडले, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. दुसऱ्या बाजूला दरी होती, ती बाजू त्याने निवडली नाही म्हणून आज दोघं आहेत. मामाचा हात मोडला. रस्ताभर टोमॅटोचा चिखल.

आणि ऐका, तासाभराने पॅडल आपोआप परत वर आलं! जणू काही झालंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती गाडी सपाट रस्त्यावर चालवून दाखवली असती तर कुणीही म्हटलं असतं, ब्रेक तर चांगले आहेत.

मिस्त्रींनी गाडी खालून उघडली तेव्हा खरं काय ते कळलं. पिकअपच्या मागच्या अ‍ॅक्सलपाशी एक वॉल्व्ह असतो, त्याला दांडी जोडलेली असते. माल भरला की मागची बाजू दबते, दांडी हलते आणि वॉल्व्ह मागच्या चाकांना ब्रेकचं प्रेशर जास्त सोडतो. गाडी रिकामी असली की कमी सोडतो, नाहीतर मागची चाकं जाम होऊन गाडी घसरेल. आता पाटे वाढवले की माल भरूनही मागची बाजू पुरेशी दबत नाही. वॉल्व्हच्या लेखी गाडी रिकामीच! मामाच्या गाडीत तर आधीच्या मालकाने ती दांडी तारेने बांधून ठेवली होती. मागचे ब्रेक नावालाच. सगळा भार पुढच्या डिस्कवर. घाटात त्या तापून लाल, आणि ब्रेक ऑइल कोण जाणे किती वर्षांचं. जुनं ऑइल हवेतलं पाणी धरतं, मग तापलं की त्यात वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. म्हणून पॅडल पोकळ. थंड झालं की परत जैसे थे.

हे सगळं पासिंगच्या वेळी गाडीत होतं. तार होती, पाटे होते, काळं पडलेलं ऑइल होतं. तरी कागद मिळाला.

कारण गाडी तपासतात रिकामी! नियमात ब्रेकची चाचणी आहे, ताशी 30 किलोमीटर वेगावरून 13 मीटरच्या आत गाडी थांबली पाहिजे. सपाट ट्रॅकवर, थंड ब्रेकवर, रिकामी पिकअप थांबणारच की! माळशेजमध्ये दीड टन माल घेऊन दहाव्या वळणावर ती थांबेल का, हे त्यातून कसं कळणार?

आणि हा ट्रॅकसुद्धा सुखासुखी मिळालेला नाही. श्रीकांत कर्वे यांनी जनहित याचिका लावून धरली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने आरटीओंना 250 मीटरचा ब्रेक चाचणी ट्रॅक करायला लावला, आणि 2017 मध्ये ट्रॅक नसेल तिथलं पासिंग थांबवायला लावलं. म्हणजे त्याआधी काय चालत होतं, याचा विचार करा. कोर्टाने कान धरल्याशिवाय ब्रेक दाबून बघायचं यांच्या मनात येत नाही. याचाच संताप येतो.

पासिंगपुरते टायर भाड्याने मिळतात, हे आपल्यापैकी कुणाला माहीत नाही? नक्षी 1.6 मिलिमीटर हवी ना, मग लावा चार चांगले टायर, घ्या शिक्का, संध्याकाळी परत गोटा टायर चढवा. रेडियमच्या पट्ट्या चकाचक. हौद्याला नवा रंग. चासीला कुठे तडा गेलाय, कुठे वेल्डिंग मारलंय, ते बघायला खाली वाकतो कोण?

बरं, आरटीओच्या साहेबांपुढे गाड्यांची रांग असते, एका गाडीला वेळ किती देणार, हे कळतं मला. आता स्वयंचलित केंद्रं येतायत, रोलरवर एकेका चाकाचा ब्रेक मोजतात. नुसत्या नजरेपेक्षा ते बरंच, मान्य. पण रोलरवरही गाडी रिकामीच चढते ना!

आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग लागतं. मुदत संपली की दिवसाला 50 रुपये जादा, असा केंद्राचा नियम, त्यावरून आंदोलनं झाली. तारखेचा एवढा हिशोब ठेवता, मग वर्षातून एकदा भरलेल्या पिकअपखाली एका माणसाला बॅटरी घेऊन पाठवता येत नाही? पाटे किती आहेत ते मोजा. दांडी सुटी आहे का बघा. ऑइलची तारीख विचारा. एवढंच. यात कुठलं रॉकेट सोडायचंय?

त्या ड्रायव्हरवर मी सकाळी चिडले होते. आता लिहिता लिहिता त्याचा राग राहिला नाही. बावीस-तेवीसचा पोरगा असेल. हप्ते असतील, मुकादम घाई करत असेल. त्याला कागदावर विश्वास ठेवायला आपणच शिकवलंय. मालाच्या गाडीत माणसं बसवणं बेकायदा आहे, हे सांगायला कुणी येऊ नका, माहीत आहे. पहाटे शेतावर जायला त्या बायांना एसटी द्या, मग बोलू. आणि जुन्या गाड्या सरळ भंगारात काढा म्हणणाऱ्यांनो, मामाची तीच 2010 ची गाडी आज नीट ब्रेक करते. पाटे कंपनीचे, वॉल्व्ह नवीन, ऑइल वेळच्या वेळी. मोडलेल्या हाताने आजही तो तीच चालवतो आणि घाटाआधी खुबी फाट्याला थांबून प्रत्येक चाकाला हात लावून बघतो. गाडी म्हातारी असणं हा गुन्हा नाही हो.

2025 च्या श्रावणात आपल्या जुन्नरच्या शेजारच्या खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या बायकांची पिकअप दरीत गेली. त्या गाडीत काय बिघडलं होतं यावर मी बोलणार नाही. पण त्या दिवसापासून बायांनी भरलेली पिकअप दिसली की माझी नजर आधी पाट्यांवर जाते.

आता काम सांगते. ओतूर, आळेफाटा, नारायणगाव भागातल्या मिस्त्री मंडळींनो, टोळ्या नेणाऱ्या पिकअपचा हा वॉल्व्ह आणि मागचे ड्रम जे कुणी फुकट किंवा नुसत्या मजुरीत बघून देतील, त्यांनी कमेंटमध्ये गॅरेजचं गाव लिहा. मुकादमांशी मी बोलते, गाड्या मी पाठवते.