'अपोकॅलिप्टो'त दाखवलेलं रक्त आणि त्यातून वगळलेलं रक्त

'अपोकॅलिप्टो' या माया लोकांवरच्या हॉलिवूड सिनेमातल्या नरबळीच्या दृश्याची रील परत फिरायला लागली आहे. वर मराठी निवेदन, खाली ठळक अक्षरांत 'जगातली सर्वात क्रूर जमात'. कमेंट्स वाचवत नाहीत. 'बरं झालं संपले', 'स्पॅनिश आले म्हणून माणसात आले', 'असल्या लोकांना हेच पाहिजे होतं'. लिहिणारे आपलेच, शिकलेसवरलेले लोक आहेत. एकाशी वाद घातला, पण कमेंटमध्ये एवढं सगळं मावत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे माया लोक, म्हणजे मध्य अमेरिकेतले मूलनिवासी, संपलेले नाहीत. मेक्सिको, ग्वाटेमाला, बेलीज आणि होंडुरास या देशांत मिळून आज साठ लाखांहून जास्त माया माणसं राहतात, आपापल्या माया भाषा बोलतात, शेती करतात, कोर्टात केसेस लढतात. आपण ज्यांच्या मरणाबद्दल 'बरं झालं' म्हणतोय, त्यांची नातवंडं-पतवंडं हा सिनेमा बघू शकतात. त्यांनी तो बघितलाही.

माझं मत असं की हा सिनेमा वंशवादी आहे. नरबळी दाखवला म्हणून मी तसं म्हणत नाही.

माया लोकांत नरबळी होता. मेक्सिकोतल्या बोनाम्पाक या माया स्थळाच्या भित्तिचित्रांत पायऱ्यांवर बसवलेले कैदी आहेत, त्यांच्या बोटांतून रक्त ठिबकतंय. हे चित्र इसवी सन ७९० च्या आसपासचं, माया चित्रकारांनी स्वतःच काढलेलं. चिचेन इत्सा या प्राचीन माया शहरात चेंडूच्या मैदानाच्या भिंतीवर मुंडकं उडवलेला खेळाडू कोरलेला आहे. एके काळी काही पाश्चात्त्य अभ्यासकांनी माया म्हणजे तारे बघत बसणारे शांत ऋषिमुनी असं चित्र रंगवलं होतं. माया लिपी उलगडत गेली, राजांच्या लढायांचे आणि पकडलेल्या कैद्यांचे लेख वाचता यायला लागले, आणि ते चित्र कोसळलं. ते कोसळलं हे चांगलंच झालं. कुणालाही देवमाणूस करून ठेवणं हीसुद्धा त्याला माणूस म्हणून न बघण्याचीच एक तऱ्हा आहे.

सिनेमा म्हणून तो जबरदस्त आहे हेही खरं. २००६ साली दिग्दर्शक मेल गिब्सनने स्वतःच्या कंपनीच्या पैशांनी अख्खा सिनेमा युकातेक माया भाषेत काढला, कलाकार बहुतेक सगळे अमेरिका खंडातल्या मूलनिवासी समाजांतले घेतले. आपली भाषा एवढ्या मोठ्या पडद्यावर ऐकून मेक्सिकोतल्या युकातान द्वीपकल्पातल्या काही लोकांना अभिमान वाटला, आणि त्यांच्या त्या अभिमानाला मी नावं ठेवणार नाही. जंगलातला तो पाठलाग मीही श्वास रोखून बघितला आहे.

आता त्यातलं शहर बघा. नायक आणि त्याच्या गावातले पुरुष बांधून आणलेले आहेत. शहरात शिरताना काय दिसतं? गुलामांचा बाजार, चुन्याच्या धुळीने पांढरेफटक पडलेले, खोकत मरणारे मजूर, अंगावर दागिने लादलेल्या विकट हसणाऱ्या बायका, आणि पिरॅमिडखाली रक्तासाठी ओरडणारा जमाव. त्या गर्दीत एकही माणूस शहाणा नाही, एकाच्याही चेहऱ्यावर किळस किंवा शंका नाही. लेखनिक नाही, वैदू नाही, दगड घडवणारा शिल्पी नाही, लेकराला कडेवर घेऊन भाजी घ्यायला निघालेली साधी बाई नाही. हजारो माणसं, आणि सगळ्यांना मिळून एकच भावना.

त्या कैद्यांना निळा रंग फासतात. तो रंग खरा आहे. बळी द्यायच्या माणसाला निळं रंगवत, हे सोळाव्या शतकात लिहून ठेवलेलं आहे. पण तो निळा रंग म्हणजे काय चीज होती हे ऐका. नीळ आणि एका विशिष्ट प्रकारची माती एकत्र तापवून तो बनवत. ऊन, पाऊस, दमट जंगल सोसून बारा-तेराशे वर्षांनी तो भिंतींवर अजून शाबूत आहे. आधुनिक रसायनशास्त्रज्ञांना त्याचं गुपित उकलायला कित्येक वर्षं लागली. आपल्याकडेही नीळ पिकत होती, तिच्यापायी काय काय झालं ते आपल्याला माहीत आहे, त्यामुळे या रंगाबद्दल मला उगाच जवळीक वाटते. मडकी, मूर्ती, भिंती, सगळीकडे हा रंग आहे. सिनेमात तो फक्त मरणाऱ्याच्या अंगावर दिसतो.

आणि ते ग्रहण! नायकाची छाती फाडणार तेवढ्यात सूर्यग्रहण लागतं, जमाव भेदरतो, राजा आणि पुजारी एकमेकांकडे बघून सूचक हसतात. म्हणजे वरच्यांना माहीत होतं आणि खालचे सगळे भाबडे. माया पंचांगकर्त्यांची जी पुस्तकं शिल्लक आहेत त्यातल्या एकात, जर्मनीत ड्रेस्डेनला असलेल्या पोथीत, ग्रहणांचं कोष्टक आहे. शुक्राचं आहे. या लोकांनी शून्य स्वतंत्रपणे शोधलं, त्यासाठी शिंपल्याचं चिन्ह वापरलं. ज्या आपल्याला शून्याचा एवढा अभिमान आहे, त्यांनी तरी ही रील पुढे ढकलण्याआधी थांबायला नको का? बरं, ग्रहणाच्या त्याच दिवशी रात्री सिनेमात पूर्ण चंद्र उगवतो. सूर्यग्रहण अमावास्येलाच लागतं, हे आपल्याकडे तिसरीतलं पोरही सांगेल. ज्यांनी ग्रहणांचं गणित मांडलं त्यांच्यावर सिनेमा काढताना एवढंही कुणी तपासलं नाही.

शहरातले लोक राक्षस, तर गावातले लोक लहान मुलं. तापीर या रानडुकरासारख्या दिसणाऱ्या जनावराची शिकार करायची, त्याच्या अंडकोषांवरून एकमेकांची थट्टा करायची, शेकोटीभोवती गोष्टी ऐकायच्या. गावाला शेत नाही. मका, घेवडा आणि भोपळा एकाच वावरात घेणारे, माणूसच मक्याच्या पिठातून घडला असं मानणारे हे लोक, आणि नायकाच्या घराशेजारी मक्याचं एक ताटही नाही. एवढं मोठं शहर चालण्याच्या अंतरावर आहे आणि गावाला त्याचा पत्ता नाही. बाजार नाही, सोयरीक नाही, देवाची जत्रा नाही. असं गाव जगात कुठे असतं?

घाऊक कत्तलीची ती रांग, पायऱ्यांवरून गडगडणारी मुंडकी, प्रेतांनी भरलेला खड्डा, यात बरंचसं अॅझ्टेकांचं घेतलेलं आहे. अॅझ्टेक वेगळे लोक, त्यांची भाषा वेगळी, त्यांची राजधानी आजच्या मेक्सिको सिटीच्या जागी. आणि काळाचा घोळ तर विचारूच नका. पिरॅमिडांचं ते वैभवशाली, कोसळू लागलेलं शहर साधारण नवव्या शतकातलं, आणि शेवटी किनाऱ्याला लागणारी स्पॅनिश जहाजं सोळाव्या शतकातली. रामदेवराय यादवांच्या दरबारात टिळकांचा 'केसरी' वाचला जातोय असं दाखवलं तर आपण काय म्हणू? अंतर तेवढंच आहे, सहाशे वर्षांचं.

हा घोळ निष्काळजीपणाचा असता तर मी एवढं लिहिलं नसतं. सहाशे वर्षं चेपून टाकल्याशिवाय सिनेमाला जे म्हणायचंय ते म्हणताच येत नाही. सुरुवातीलाच पडद्यावर इतिहासकार विल ड्युरंटचं वाक्य येतं: मोठी संस्कृती आतून नष्ट झाल्याशिवाय बाहेरच्याला ती जिंकता येत नाही. ड्युरंटने ते रोमबद्दल लिहिलं होतं. इथे ते माया लोकांच्या माथी मारलंय. मग दोन तास रक्त, आणि शेवटी समुद्रात जहाजं आणि होडीतून किनाऱ्याकडे येणारा क्रूस. बघणाऱ्याने दोन टोकं आपोआप जोडावीत अशी रचना आहे. कमेंटमधल्या लोकांनी ती जोडली. ते काही चुकीचं समजले नाहीत, सिनेमाने सांगितलं तेच त्यांनी लिहिलं.

यावर एक उत्तर नेहमी मिळतं आणि त्यात तथ्य आहे. नायक त्या जहाजांकडे जात नाही, बायको-मुलांना घेऊन रानात परततो. शिवाय गिब्सनने त्या वेळी सांगितलं होतं की त्याचा रोख आजच्या अमेरिकेवर आहे, कारण नसताना पोरांना इराकला पाठवणं हासुद्धा नरबळीच. असेल. पण अमेरिकेला आरसा दाखवायचा तर तो स्वतःच्या चेहऱ्यासमोर धरावा. मायांचा चेहरा रक्ताने माखून तो आरसा म्हणून वापरण्याचा हक्क त्याला कुणी दिला?

जहाजं लागल्यावर काय झालं ते सिनेमात नाही. जुलै १५६२ मध्ये युकातानमधल्या मानी गावात दिएगो दे लान्दा या पाद्रीने माया लोकांना दोराने टांगून छळ केला, मूर्ती फोडल्या आणि सापडली तेवढी पुस्तकं जाळली. त्यानेच लिहून ठेवलंय की पुस्तकं जळताना बघून लोकांना अतोनात दुःख झालं. आज जगात माया पोथ्या चार उरल्यात. आणि आतून कुजून संपलेली म्हणून दाखवलेली ही संस्कृती इतकी संपलेली होती की शेवटच्या माया राज्याची राजधानी, नोहपेतेन, जिंकायला स्पॅनिशांना १६९७ साल उजाडावं लागलं. पहिली मोहीम आल्यापासून जवळजवळ १८० वर्षं.

त्याच्याही पुढे या. ग्वाटेमालात १९६० ते १९९६ यादवी युद्ध झालं. १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाचा अहवाल आला: दोन लाखांहून जास्त माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली, ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया, आणि ९३ टक्के अत्याचार सरकारी फौजा आणि त्यांच्या साथीदारांचे. १९८१ ते १९८३ या काळात लष्कराने माया समाजांवर वंशसंहाराची कृत्यं केली असं आयोगाने स्पष्ट म्हटलं. गावंच्या गावं पेटवली, गरोदर बायकांनाही सोडलं नाही. अशा गोष्टी करण्याआधी समोरचा माणूस नाही, हे सैनिकाच्या डोक्यात भरावं लागतं. शांतता करार डिसेंबर १९९६ चा, हा सिनेमा डिसेंबर २००६ चा. ग्वाटेमालातल्या माया कार्यकर्त्यांनी त्याला विरोध केला तेव्हा अनेकांना तो अतिसंवेदनशीलपणा वाटला. ज्यांनी सामूहिक कबरींतून आपल्या माणसांची हाडं नुकती बाहेर काढली होती, त्यांना प्रेतांचा तो खड्डा 'तुमच्याच पूर्वजांनी केलेला' म्हणून दाखवला गेला.

चिचेन इत्साबद्दल २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये एक संशोधन आलं. एका भूमिगत टाक्यात सापडलेल्या मुलांच्या हाडांपैकी ६४ जणांचा डीएनए तपासला. सगळे मुलगे, त्यात जुळ्यांच्या दोन जोड्या. मका पिकावा, पाऊस पडावा म्हणून किंवा पुराणकथेतल्या जुळ्या भावांशी नातं म्हणून त्यांचा बळी दिला असावा असा अंदाज आहे. वाचताना पोटात कालवतं. त्याच संशोधनात जवळच्या माया गावातल्या आजच्या रहिवाशांनी आपले नमुने दिले. निघालं असं की ही माणसं त्याच जुन्या लोकांच्या वंशातली आहेत, आणि त्यांच्या रोगप्रतिकाराच्या जनुकांत सोळाव्या शतकातल्या, वसाहतीच्या काळातल्या साथीची खूण आहे. एकाच अभ्यासात दोन्ही मरणं आहेत, पूर्वजांनी दिलेलं आणि जहाजांतून आलेलं. शास्त्रज्ञांना ती शेजारी शेजारी ठेवता आली. चार कोटी डॉलरच्या सिनेमाला नाही आली.

आपल्याला हे समजायला खरं तर अवघड जाऊ नये. १९८४ चा 'इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम' आठवा. काळ १९३५ चा, देश आपला. जेवणाच्या ताटात जिवंत साप आणि माकडाचा मेंदू, आणि तळघरात कालीमातेपुढे अमरीश पुरी जिवंत माणसाचं हृदय हाताने उपटून काढतात. आपल्या सरकारने पटकथेला हरकत घेतली म्हणून चित्रीकरण श्रीलंकेत केलं. आणि शेवटी सुटका करायला कोण येतं? बंदुका घेतलेली ब्रिटिश फौज. १९३५ साली! त्याच्या पाचच वर्षं आधी सोलापुरात मार्शल लॉ लावला होता आणि जानेवारी १९३१ मध्ये मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फासावर चढवलं होतं. उपटलेलं हृदय तेच, शेवटी येणारे सोडवणारेही तेच. तेव्हा आपल्याला राग आला होता, आणि तो योग्य होता.

आपल्या सिनेमातले आदिवासी आठवतात का? अंगाला काळा रंग, डोक्याला पिसं, हातात भाला, मध्ये खांबाला बांधलेला शहरी नायक. वारली, कातकरी, माडिया, कोरकू यांच्यातलं कुणी तिथे स्वतःला ओळखणार नाही. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी गावात चोरी झाली की पहिला हात पारध्याच्या पालावर पडतो. एखाद्या समाजाचं चित्र एकदा असं पक्कं झालं की ते कागदावरून पुसून जात नाही.

हिंसा दाखवूच नये का, असं मला विचारलं गेलं. जरूर दाखवा. २००१ चा 'अतानारजुआत' बघा. झकारियास कुनुक हा दिग्दर्शक स्वतः इनुइट, म्हणजे कॅनडाच्या बर्फाळ उत्तरेतला मूलनिवासी, भाषा त्यांचीच इनुक्टिटूट, कान महोत्सवात पहिल्या चित्रपटासाठीचा पुरस्कार मिळालेला. त्यातही खून आहे, तंबूवर भाले खुपसून झोपलेल्या भावाला मारतात. त्यातही पाठलाग आहे, नायक उघड्या अंगाने, अनवाणी, बर्फावरून रक्ताळलेल्या पायांनी धावत सुटतो. अंगावर काटा येतो. पण मारणाऱ्याचा हेवा कुठून आला ते आपल्याला माहीत असतं, त्याची बहीण, त्याची आजी, घरातली भांडणं सगळं आपण पाहिलेलं असतं. मूळ दंतकथेत नायक शेवटी शत्रूंची डोकी फोडतो. कुनुकने तो शेवट बदलला. नायक सोटा डोक्याशेजारच्या बर्फावर आपटतो आणि म्हणतो, मारणं इथे थांबेल. ही निवड त्या समाजातल्या माणसाने आपल्या समाजासाठी केली.

मायांबद्दलच बघायचं असेल तर २०१९ चा 'ला योरोना' बघा, हायरो बुस्तामान्ते या ग्वाटेमालन दिग्दर्शकाचा. वंशसंहाराचा खटला चाललेला एक म्हातारा जनरल आणि त्याच्या घरी कामाला आलेली माया तरुणी. रक्त फारसं दिसत नाही. कोर्टात एक माया बाई साक्ष द्यायला उभी राहते, तोंडावरून पदर घेतलेला, आणि आपल्या भाषेत सांगायला लागते. कॅमेरा तिच्यावरून हलत नाही. ज्यांनी ती रील शेअर केली आहे त्यांनी एवढा प्रसंग तरी पूर्ण बघावा, आणि मग वाटलं तर माझ्याशी वाद घालावा. मी कमेंट्स बंद केलेल्या नाहीत.