मान टाकली की कॅप्सूल फोडा? थांबा

गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: कोंबडी पिसं फुगवून मान टाकून बसली की ती मानमोडी. अंग गरम लागलं तर ताप. माणसांची टेट्रासायक्लिनची कॅप्सूल पाण्यात फोडून पाजा, तीन दिवसांत उठते. लस टोचू नका, लसीनेच कोंबड्या मरतात. नाहीच उठली, तर बाजार दाखवा.

परसातल्या दहा-बारा कोंबड्यांवर ज्या घराचं मीठ-मिरची चालतं, त्या घराला हा सल्ला फार महागात पडतो.

आधी मान टाकण्याबद्दल. आजार कुठलाही असो, कोंबडी तशीच बसते. म्हणून तिला वेगळ्या डालग्याखाली ठेवा आणि शीट बघा. पिल्लांच्या शिटेत रक्त आणि खुराड्यात ओल असेल तर रक्ती हगवण धरा. तिला अँप्रोलियम हे औषध लागतं. तुऱ्यावर, डोळ्यांभोवती खपल्या म्हणजे देवी, ती डासांमुळे पसरते. छातीचं हाड हाताला सुरीसारखं लागत असेल तर जंतांची शंका घ्या. एकटीच कोंबडी शेपटी पाडून कुंथत असेल तर अंडं अडकलं असेल. कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसवा, जोराने दाबू नका. गळ्याखालची पिशवी सकाळीही टम्म असेल तर चारा अडकलाय. मानमोडीत, म्हणजे राणीखेतमध्ये, हिरवट पातळ शीट, चोच उघडून श्वास, लुळे पाय-पंख, पिळलेली मान असं दिसतं, आणि एकीमागून एक कोंबडी बसते.

अंग गरम असणारच. निरोगी कोंबडीचं तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असतं.

राणीखेत विषाणूचा आजार आहे आणि टेट्रासायक्लिन हे जिवाणूंवरचं प्रतिजैविक, ते विषाणूवर चालत नाही. कॅप्सूल पिऊन उठलेली कोंबडी बहुधा दुसऱ्याच कशाने आजारी होती. मागून जिवाणूंचा संसर्ग झाला तर डॉक्टर प्रतिजैविक देतातही, पण वजन पाहून, आणि किती दिवस अंडी खायची नाहीत ते सांगून. अंदाजाने पाजलेल्या औषधाचा अंश अंड्यातून आपल्या पोरांच्या ताटात येतो. कोंबड्यांना सर्रास दिलं जाणारं कोलिस्टिन हे प्रतिजैविक केंद्र सरकारने २०१९ मध्ये बंद केलं, ते माणसांवरची औषधं निकामी होऊ नयेत म्हणूनच.

लसीबद्दलची भीती मात्र उगाच आलेली नाही. लस टोचल्यावर कोंबड्या मेल्याचं अनेकांनी पाहिलंय. पण ती टोचली कधी? शेजारी मर लागल्यावर. तोवर विषाणू अंगात शिरलेला असतो, लक्षणं काही दिवसांनी दिसतात आणि दोष सुईवर जातो. दुसरं कारण उन्हात खिशातून आणलेली लस. ती जिवंत विषाणूची असते. २ ते ८ अंशांत राहिली नाही तर निकामी होते, आणि टोचूनही मर येते. राणीखेतच्या लसी दोन: पिल्लू पाच-सात दिवसांचं झालं की लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, आणि सहा ते आठ आठवड्यांना आर-टू-बी टोचून. त्याआधी जंताचं औषध द्या. आर-टू-बीनंतर एखाद-दुसरा दिवस कोंबडी मलूल राहू शकते, म्हणून अशक्त किंवा आजारी पक्ष्याला ती देऊ नका. कुपी शंभरेक डोसची असते आणि कालवल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. एकट्या घराला ती परवडत नाही, तेव्हा वस्तीने एक दिवस ठरवून, बर्फाच्या थर्मासमधून आणून, भल्या सकाळी उरकावं.

राहिला बाजार. आजारी कोंबडी विकणं म्हणजे दहा गावांना मर वाटणं. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापुरात सापडला, २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात तो पुन्हा आला; नुसत्या डोळ्यांनी तो आणि राणीखेत वेगळे ओळखता येत नाहीत. एकदम बऱ्याच कोंबड्या दगावल्या तर कापू नका, उघड्या हातांनी उचलू नका, उकिरड्यावर टाकू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या फोन नंबरवर कळवा. नमुने घेतले की मेलेल्या कोंबड्या विहीर-ओढ्यापासून लांब, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.