अक्षयकुमारने उचलला तो अंडरटेकर खरा नव्हे

‘अक्षयकुमारने खऱ्या अंडरटेकरला डोक्यावर उचललं होतं’ असं सांगत १९९६च्या ‘खिलाडियों का खिलाडी’मधली मारामारी पुन्हा फिरतेय. सिनेमातला तो माणूस म्हणजे अमेरिकी कुस्तीच्या शोमधला गाजलेला पैलवान अंडरटेकर नाहीच. तो ब्रायन ली नावाचा दुसराच पैलवान. २०२१मध्ये खुद्द अक्षयकुमारनेच हे जाहीरपणे सांगून टाकलंय, तरी आपले लोक ऐकतील तर शपथ!

फसगत व्हायला कारणही तसंच होतं. १९९४च्या ‘समरस्लॅम’ या कुस्तीच्या कार्यक्रमात, तो भरवणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूएफ कंपनीनेच या ब्रायन लीला ‘नकली अंडरटेकर’ म्हणून उभं केलं. तोच काळा कोट, तीच टोपी, तशीच चाल. समोर खरा अंडरटेकर, आणि जिंकला अर्थातच खरा. सिनेमात आला तो हा नकली.

खऱ्याचं नाव मार्क कॅलवे. जन्म १९६५, ह्यूस्टन. अंडरटेकर म्हणून पदार्पण याच कंपनीच्या १९९०च्या ‘सर्व्हायव्हर सिरीज’ कार्यक्रमात. कंपनीच्या ‘रेसलमेनिया’ या दरवर्षीच्या मोठ्या कार्यक्रमात सलग २१ लढती जिंकल्यावर २०१४मध्ये ब्रॉक लेस्नर या पैलवानाने त्याला हरवलं. २०२०मध्ये निवृत्त, २०२२मध्ये ‘हॉल ऑफ फेम’ या कंपनीच्या मानाच्या यादीत.

आणि हो, ‘त्याला सात जन्म आहेत, तो मरून परत येतो’ हेही खोटं. शवपेटीत बंद होणं, गाडलं जाणं हे सगळं आधी ठरवलेलं कथानक. ट्रम्प कार्डं खेळणाऱ्या वयात आपण सगळ्यांनीच ते खरं मानलं, तो भाग वेगळा.