तिरका पूर्णविराम

प्रबंध परत आला. कारण? संदर्भसूचीतला एक पूर्णविराम तिरका होता.

तिरका म्हणजे इटॅलिक. अक्षर तिरकं झालं तर कुणालाही कळतं. ठिपका तिरका झालाय हे ज्याला कळतं, अशा माणसासमोर काल अख्खी दुपार बसून आले आणि अजून माझं डोकं ताळ्यावर नाही. प्रबंध मार्गदर्शकांनी वाचला होता, घरच्यांनी वाचल्यासारखं केलं होतं. उरली होती फक्त स्वरूप-तपासणी. ‘तासाभराचं काम,’ असं सगळे म्हणाले होते. ते सगळे कोण, हे आता मी शोधते आहे.

तपासनीसांच्या टेबलावर एक पारदर्शक पट्टी, एक भिंग आणि लाल पेन. प्रबंध त्यांनी मागून उघडला. विषय काय, सिद्ध काय केलं, असल्या फालतू चौकशीत ते पडले नाहीत. थेट सूची. पहिल्याच नोंदीवर पट्टी टेकवली.

“दुसरी ओळ अर्धा इंच आत हवी. म्हणजे १.२७ सेंटीमीटर. ही १.२५ आहे.”

“सर, या पट्टीवर मिलिमीटरच्या खालची रेघच नाही.”

“सवयीनं कळतं.”

मग भिंग. मग तो पूर्णविराम. मग पेन पुस्तकांच्या नोंदींवरून घरंगळत गेलं.

“प्रकाशनाचं गाव कुठाय?”

हा प्रश्न मला येत होता, म्हणून जरा हुरूपच आला. म्हटलं, एपीएच्या, म्हणजे संदर्भ कसे द्यायचे ते सांगणाऱ्या अमेरिकन नियमावलीच्या, सहाव्या आवृत्तीपर्यंत गाव लागायचं, २०१९च्या सातव्या आवृत्तीनं ते काढून टाकलं. आता नुसतं प्रकाशकाचं नाव पुरतं.

“आमच्या नियमावलीत गाव आहे.”

“पण त्याच नियमावलीत पहिल्या पानावर लिहिलंय, एपीएची ताजी आवृत्ती वापरावी.”

“मग वापरा की. कोण नको म्हणतंय? ताजी आवृत्तीही वापरायची आणि गावही टाकायचं.”

मी गप्प. ते पुढे सरकले.

“हे कधी पाहिलंत?”

“काय?”

“हे. पाहिल्याची तारीख नाही.”

“सर, छापील पुस्तक आहे ते. ज्या वेबपानाचा मजकूर बदलत राहतो, त्यालाच तारीख लागते. पुस्तकातला मजकूर रात्रीतून बदलत नाही.”

“आणि नवी आवृत्ती निघाली तर?”

यावर ते इतक्या समाधानानं मागे रेलले, की क्षणभर मलाच वाटलं आपलं चुकलं. चुकलं नव्हतं. आवृत्ती सूचीत लिहिलेली होती, त्यांच्याच पेनाच्या टोकाखाली.

पण खरा सोहळा पुढेच होता. त्यांनी प्रबंध एकदाचा मधून उघडला आणि एका पानावर थांबले.

“इथे एकही कंस नाही.”

“ते माझे निष्कर्ष आहेत.”

“संदर्भ?”

“संदर्भ कसा असेल? मीच काढलेत.”

“हे आधी कुठे छापून आलंय?”

“नाही. नवीन आहे. म्हणून तर प्रबंध लिहिला.”

त्यांनी चष्मा काढला. माझ्याकडे जरा काळजीनंच पाहिलं. “मॅडम, असं करा. हे आधी कुठेतरी छापून आणा. मग त्याचा संदर्भ द्या. तुमचाच द्या, आमची ना नाही.”

“आणि मग ते साम्य शोधणारं सॉफ्टवेअर म्हणेल, मी माझंच चोरलं.”

“तो विभाग शेजारी आहे.”

त्या सॉफ्टवेअरशी माझं आधीच वाजलेलं आहे. प्रबंध त्याच्या तोंडी दिला आणि त्यानं संदर्भसूचीच लालेलाल करून परत पाठवली. बरोबरच होतं त्याचं. पुस्तकाचं नाव, लेखक, वर्ष हे सगळं जगात आधी लिहिलेलं असतंच. सूची जितकी बिनचूक, तितकी ती नकलेसारखी दिसणार. सूची वगळून मोजायची सोय त्यात असते, एक खूण केली की झालं. ती खूण करायची कुणी, यावर मात्र दोन विभागांचं एकमत व्हायचं होतं.

लेखकाचं नाव आणि कंसात वर्ष, ही तऱ्हा निघाली कुठून हेही मी रागारागानं शोधून काढलं. श्रेय जातं हार्वर्डच्या एडवर्ड लॉरेन्स मार्क या प्राणिशास्त्रज्ञाला. १८८१ सालचा त्याचा निबंध होता बिनशंखी गोगलगाईच्या अंड्यांवर. गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात ते उगीच नाही. तेव्हा निमूटपणे सरपटत आलेल्या त्या कंसानं पुढे सगळ्यांना कामाला लावलं. गंमत म्हणजे ‘हार्वर्ड पद्धत’ म्हणून सगळीकडे मागतात, तिची हार्वर्डनं ठरवून दिलेली अधिकृत नियमावलीच नाही. त्यामुळे प्रत्येक संस्थेचं हार्वर्ड वेगळं, आणि प्रत्येकीला आपलंच अस्सल वाटतं.

असल्या नियमांपायी माणसं कुठल्या थराला जातात, याचा माझा लाडका दाखला जॅक हेदरिंग्टन या भौतिकशास्त्रज्ञाचा. यानं १९७५ साली एकट्यानं निबंध लिहिला, पण त्यात सगळीकडे ‘आम्ही’ लिहून बसला. सहकाऱ्यानं सावध केलं, लेखक एकटा असेल तर त्या नियतकालिकाला ‘आम्ही’ चालत नाही. टंकयंत्राचे दिवस, सगळं पुन्हा बडवायचा कंटाळा. म्हणून त्यानं आपलं सयामी मांजर, चेस्टर, सहलेखक केलं. नाव दिलं एफ. डी. सी. विलार्ड, यातलं एफ. डी. म्हणजे फेलिस डोमेस्टिकस, लॅटिनमध्ये पाळीव मांजर. निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये छापून आला. सूचीत घ्यायचं तर आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग आद्याक्षरं. आमच्या तपासनीसांनाही त्या मांजरात काही खोट काढता आली नसती.

तर मी बाकावर बसून गावं भरत होते, तोवर माझ्यानंतरच्या तरुणाचा नंबर लागला. पट्टी ठेवली, भिंग फिरलं, आणि तपासनीसांचा चेहरा उजळला. “ही बघा सूची! शिका जरा.” हे मला होतं. मीही शिकायला म्हणून डोकावले. नोंद माझ्याच विषयातली, ओळखीच्या अभ्यासकाची, पण लेखाचं नाव कधी ऐकलेलं नाही. फोनवर शोधलं. त्या खंडात, त्या अंकात, त्याच पानांवर भलत्याच कुणाचा भलत्याच विषयावरचा लेख निघाला. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक, तो तर कुठे जातच नव्हता.

तरुणाला हळूच विचारलं. तो प्रसन्नपणे म्हणाला, “चॅटबॉटनं करून दिली. फॉरमॅट एकदम परफेक्ट देतो.”

मला राहवेना. “सर, हा लेख अस्तित्वातच नाही.”

तपासनीसांनी नोंद भिंगाखाली पुन्हा तपासली. “स्वल्पविराम सगळे बरोबर आहेत.”

“पण लेखच नाही!”

“अस्तित्व आमच्याकडे येत नाही मॅडम. आमच्याकडे फक्त स्वरूप.”

हसायला येतं, पण मला ते आता हसण्यावारी नेता येत नाही. मी ग्रंथालयात उभ्यानं पानं उलटली, मूळ उतारा सापडेना म्हणून आख्खे भाग वाचून काढले, दुसऱ्याचं वाक्य दुसऱ्याच्याच नावावर राहावं म्हणून. आणि ते वाक्य त्या पानावर आहे का, हे बघायला एकाही टेबलावर माणूस नाही. हे यंत्रापासून सुरू झालं असंही नाही. एका प्रकाशकानं लेखकांना नमुना म्हणून एक बनावट नोंद दिली होती, ‘व्हॅन डर गीअर, २०००’. तो लेख कधी लिहिलाच गेला नव्हता, तरी त्याला जवळपास ४०० संदर्भ मिळाले होते. २००३मध्ये सिमकिन आणि रॉयचौधरी या दोघांनी संदर्भांतल्या छापील चुकांचा माग काढला. एकाची चूक पुढचे किती जण जशीच्या तशी उतरवतात ते पाहिलं, आणि अंदाज बांधला की मूळ लेख वाचणारे संदर्भकर्ते साधारण २० टक्के. बाकीच्यांचे पूर्णविराम बहुधा सरळ असणार.

तरुणाच्या सूचीवर शिक्का बसला. जाता जाता तो माझ्यापाशी थांबला. मुलगा मनानं चांगला.

“मॅडम, तुमचाच विषय आहे ना? तो लेख तुम्हीही घ्या की.”

“अरे, नाहीये तो!”

“मूळ मिळत नसेल तर दुय्यम संदर्भ द्या. मजकुरात त्या लेखाचं नाव, आणि सूचीत माझा प्रबंध.”

मी नियम उघडून पाहिला. चालतं.