पाचोळा कुजतो, मग स्फुरद जातो कुठे?

नमस्कार,

जंगलाखालच्या जमिनीतला स्फुरद (फॉस्फरस) हजारो-लाखो वर्षांत घटत जातो, या माझ्या लेखावर तुम्ही चांगली खरमरीत प्रतिक्रिया लिहिलीत. तुमचे मुख्य आक्षेप तीन. जंगलातला पाचोळा तिथेच कुजतो, मग स्फुरद जाईल कुठे? सह्याद्रीचा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा, तेव्हा माझ्या हिशेबाने तिथे आज गवतसुद्धा उगवायला नको. आणि असं लिहिणं म्हणजे खत कंपन्यांची वकिली.

पाचोळ्यापासून सुरुवात करतो, कारण सगळी गोम तिथेच आहे. पाचोळा कुजला की झाडाला आपलाच स्फुरद परत मिळतो, त्यात भर काही पडत नाही. नत्राचं (नायट्रोजनचं) तसं नसतं. हवेत नत्र भरपूर आहे आणि जिवाणू तो जमिनीत आणत राहतात. धुळीबरोबर येणारा चिमूटभर सोडला, तर स्फुरदाला हवेतून येणारी अशी वाटच नाही. खडकातल्या अ‍ॅपेटाइट या खनिजात जेवढा असेल तेवढीच मूळ पुंजी. ती मोकळी होत असतानाच पावसाबरोबर दरवर्षी थोडी थोडी झिरपून जाते. शिवाय खडक झिजून तयार होणारी लोह आणि अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडं स्फुरदाला पकडून ठेवतात, त्यातला काही तर असा कोंडून टाकतात की मुळांना तो जवळजवळ मिळतच नाही. एका पिढीत यातलं काही जाणवणार नाही. पण जंगलाचं वय पिढ्यांत मोजत नाहीत.

हे नुसतं अनुमान नाही. न्यूझीलंडमध्ये फ्रान्झ जोसेफ हिमनदी मागे हटत गेली तसतसा तिने आणलेला दगडगोटा उघडा पडत गेला. हिमनदीच्या तोंडाशी कालपरवाची जमीन, आणि खाली जावं तसतशी जुनी, पार सव्वा लाख वर्षांच्या आसपासची. वॉकर आणि सायर्स या मृदाशास्त्रज्ञांनी वाढत्या वयाच्या जमिनींची ही आणि अशाच आणखी काही मालिका तपासून 1976 मध्ये निष्कर्ष मांडला. ताज्या जमिनीत अ‍ॅपेटाइट मुबलक, नत्र मात्र नावाला. पुढे नत्र साठतो, जंगल भरतं, अ‍ॅपेटाइट संपत जातं. सर्वांत जुन्या जमिनीत एकूण स्फुरदच घटलेला, आणि उरलेला बहुतेक कोंडलेला किंवा सेंद्रिय रूपात. अशा जागी जंगल असतं, पण ते ठेंगणं आणि विरळ होत जातं.

मला स्वतःला हवाईचा पुरावा जास्त पटतो. तिथली बेटं ज्वालामुखीने एकामागून एक घडवली, त्यामुळे 300 वर्षांच्या लाव्हापासून काउआई बेटावरच्या सुमारे 41 लाख वर्षांच्या जमिनीपर्यंतची उतरंड आयती मिळते. पर्यावरणशास्त्रज्ञ पीटर व्हिटूसेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निवडलेल्या जागांवर खडक तोच, बेसाल्ट. पाऊस साधारण 2500 मिलिमीटर. झाडही तेच, ओहिया. फरक फक्त वयाचा. त्यांनी खतं घालून पाहिली. कोवळ्या जमिनीवर झाडं नत्र दिल्यावर वाढली, सर्वांत जुन्या जमिनीवर स्फुरद दिल्यावर. 'पाचोळा पुरतो' हे खरं असतं, तर काउआईतल्या झाडांना स्फुरदाने काहीच फरक पडायला नको होता. तिथल्या जंगलाला आज जो स्फुरद मिळतो, त्याचा मोठा भाग आशियातून पॅसिफिक ओलांडून येणाऱ्या धुळीतून येतो! मला आजही हे वाचताना थरारून जायला होतं.

आता सह्याद्री. तुमचा हा प्रश्न उत्तम आहे, आणि त्याचं उत्तर असं की खडकाचं वय वेगळं आणि जमिनीचं वय वेगळं. उतारावर माती वाहून जाते, खालचा ताजा खडक मुळांच्या आवाक्यात येतो आणि स्फुरदाची भर चालू राहते. काउआईतही दऱ्यांच्या उतारांवरच्या झाडांच्या पानांत सपाटीवरच्यापेक्षा जास्त स्फुरद सापडला आहे. देशावरच्या काळ्या जमिनीत पाऊस कमी आणि चुना जास्त, म्हणून तिथली गोष्टच निराळी. तुम्हाला जुनी, धुऊन निघालेली जमीन पाहायची असेल तर कोकणातला जांभ्याचा सडा पाहा. पावसाने सिलिका धुऊन नेली आणि लोह-अ‍ॅल्युमिनियम मागे राहिलं. तिथल्या तांबड्या मातीत सुपर फॉस्फेट हे खत नुसतं फेकलं की त्यातला बराचसा स्फुरद मातीच धरून ठेवते, म्हणून ते मुळांजवळ द्यायला सांगतात.

'पीएसबी जिवाणू (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) सोडले की प्रश्न मिटतो,' असंही तुम्ही म्हणता. जिवाणू मातीने धरलेला थोडा स्फुरद सोडवतात, वाहून गेलेला परत आणत नाहीत. आणि जुन्या जंगलात हे सोडवण्याचं काम मुळांवरच्या बुरशा आधीपासून करतच असतात. झाडंही पान गाळण्याआधी त्यातला बराच स्फुरद काढून घेतात. तुटवडा आहे म्हणूनच इतकी काटकसर चालते.

राहिली वकिली. जंगलात खत टाका असं मी कुठेही लिहिलेलं नाही आणि लिहिणारही नाही. उलट माझी काळजी तोडीची आहे. ताज्या उतारावरचं जंगल तोडलं तर खडकातून थोडी तरी भरपाई होईल. जुन्या सपाट जमिनीवर उपलब्ध स्फुरदाचा मोठा वाटा झाडांत, पाचोळ्यात आणि वरच्या चार बोटं मातीत असतो. लाकूड ट्रकने नेलं आणि पुढच्या पावसाळ्यात ती माती वाहून गेली, तर खालचा झिजलेला थर ते पुन्हा देऊ शकत नाही. म्हणून अशी जागा तोडीला देताना 'काय, पुन्हा लावू की झाडं' हे उत्तर मला अजिबात मान्य नाही.